पेल्मेनीत मांसाशिवाय काय काय भरतात? रशियन घरांतली वेगळी सारणं

कामाकाठ

पेल्मेनी म्हणजे पिठाच्या पातळ पारीत सारण भरून पाण्यात उकडायचा, मोमोसारखा रशियन प्रकार. दुकानातली पेल्मेनीची पिशवी उघडली की बहुतेक वेळा एकच सारण निघतं: गाय आणि डुकराचं मांस, कांदा, मीठ, मिरी. त्यामुळे भारतातून शिकायला किंवा नोकरीला आलेल्या माणसाची समजूत होते की पेल्मेनी म्हणजे एवढंच. शाकाहारी मंडळी तर पहिल्याच आठवड्यात त्या फ्रीजरकडे पाठ फिरवतात.

मी पेर्ममध्ये राहते, कामा नदीच्या काठी, उरल डोंगरांच्या अलीकडे. सासरी जे पाहते त्यात मांस हा बऱ्याच प्रकारांतला एक प्रकार आहे. साबा (सासूबाई) मूळच्या खेड्यातल्या, त्यामुळे त्यांच्या हातून जे येतं ते हॉटेलात मिळत नाही आणि नेटवरच्या चकचकीत पाककृतींतही सहसा सापडत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना रशियातली किंवा आसपासची अशी सारणं माहीत असतील त्यांनी भर घाला.

सुरुवात माझ्या आवडत्यापासून: मुळ्याची पेल्मेनी.

इथे काळा मुळा मिळतो, रेद्का. वरून काळाकुट्ट खरखरीत, आत पांढराशुभ्र, आकाराने गोल. आपल्या मुळ्यापेक्षा घट्ट आणि बराच तिखट. थंडीत तळघरात महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून उरलच्या घरांत त्याचा एवढा वापर. साबा तो जाड किसणीवर किसतात, मीठ चोळून अर्धा तास ठेवतात आणि मग जुन्या सुती कापडात बांधून पिळतात. पिळतात म्हणजे काय, तर पुरचुंडीचं तोंड एका हाताने धरायचं, दुसऱ्या हाताने गोळा फिरवत राहायचा, आणि थेंब पडायचे थांबले तरी आणखी दोन पीळ द्यायचे. त्यांच्या मते मुळा 'रडायचा थांबला' पाहिजे. मग लोण्यावर कांदा परतून त्यात तो किस, मंद आचेवर मऊ होईपर्यंत. खाली उतरवल्यावर एक चमचा स्मेताना, म्हणजे इथली आंबट साय. बस्स. तिखटपणा जातो, किंचित गोडसर, किंचित कडवट अशी चव राहते. वाढताना वरून परत स्मेताना आणि शेपू.

वास मात्र घरभर होतो आणि बाहेर उणे वीस असताना खिडकी उघडायची सोय नसते. हे आधीच सांगून ठेवते.

एक गोष्ट माझ्या लक्षात आलीय. सारण कुठलंही असो, मुख्य प्रश्न पाण्याचा असतो. मांसाच्या सारणात पाणी घालावं लागतं, भाजीच्या सारणातून काढावं लागतं. हे जमलं की आत काय भरलंय हा दुय्यम मुद्दा.

---

चकली

वा, भारी धागा! वाचनखूण साठवली.

मुळ्याचे पराठे करताना पिळून निघालेलं पाणी आम्ही कणीक भिजवायला वापरतो. तिकडे टाकून देतात का?

---

कामाकाठ

चकली, कणकेत नाही घालत. पण सगळा रस टाकतही नाहीत. मीठ लावायच्या आधी थोडा मुळा बाजूला काढून त्याचा रस मधात घालतात आणि पोरांना खोकल्यावर देतात. इथलं अगदी घरोघरचं औषध. मोठे लोक मुळाच मधोमध कोरून त्यात मध भरून रात्रभर ठेवतात. चवीबद्दल माझ्या मुलाला विचारा.

---

तिखटजाळ

मुळा भरून, उकडून, वर आंबट साय. म्हणजे मांस परवडत नव्हतं त्यांचं जेवण, एवढंच ना? त्याला 'वेगळं सारण' म्हणून मिरवायचं कारण कळलं नाही. 😀

---

कामाकाठ

अर्धं खरं आहे. परवडत नव्हतं हे कारण होतंच. पण दुसरं कारण उपवासाचं. ऑर्थोडॉक्स पंचांगात वर्षाचे साधारण २०० दिवस कुठला ना कुठला उपवास असतो. ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास सर्वांत कडक: मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, मासाही ठरावीक एकदोन दिवशीच. म्हणजे श्रीमंत घरातही वर्षाचे कितीतरी महिने मांसाशिवाय काढायचे. त्यामुळे मुळा, कोबी, अळंबी, वाटाणे, ग्रेच्का (कुट्टू) ही सारणं गरिबांची तशी देवभोळ्या पैसेवाल्यांचीही. आणि आपल्याकडेही उपवासाच्या नावाखाली काय काय चविष्ट निघालंय ते तुम्हाला सांगायला नको.

---

पोळीभाजी

मी शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. पुण्यात राहते. पीठ अंड्याशिवाय होतं का? आणि वर जो उपवासाचा प्रकार म्हणालात त्याची पाकृ मिळेल का?

---

कामाकाठ

पोळीभाजी, तुमच्यासाठी तर थेट 'कुंद्यूमी'. हा १६व्या शतकापासूनचा मठांतला प्रकार. त्यात अंडं, दूध, लोणी काहीच नाही, आणि रशियातही आता फारच कमी घरांत होतो.

पीठ: २ वाट्या मैदा, चिमूटभर मीठ, ४ मोठे चमचे सूर्यफुलाचं तेल आणि त्यावर उकळतं पाणी, अंदाजे पाऊण वाटी. आधी चमच्याने हलवायचं, हाताला सोसेल इतकं झालं की मळायचं. हे पीठ गार होऊ द्यायचं नाही, कोमट असतानाच लाटायचं. थंड झालं की ताठरतं.

सारण: ग्रेच्का म्हणजे कुट्टूचे दाणे. भारतात मिळतात ते कच्चे, फिकट हिरवट असतात. कोरड्या कढईत तांबूस होईपर्यंत भाजून घ्या, नाहीतर शिजल्यावर चिकट लगदा होईल. सुकी अळंबी भिजवून उकळायची, ते पाणी जपून ठेवायचं. अळंबी बारीक चिरून कांद्यासोबत तेलावर परतायची, शिजलेला मोकळा कुट्टू त्यात मिसळायचा. मीठ, मिरी.

आता खरी गंमत. कुंद्यूमी उकडत नाहीत. छोटे चौकोन कापून सारण ठेवायचं, दुमडून कडा दाबायच्या आणि आधी ओव्हनमध्ये भाजायच्या, १५ मिनिटं, जेमतेम रंग येईपर्यंत. मग जाड बुडाच्या भांड्यात रचून वरून अळंबीचं ते पाणी गरम करून ओतायचं. तमालपत्र, मिरीदाणे, शेपू. झाकण ठेवून परत ओव्हनमध्ये, मंद आचेवर. आधी भाजल्यामुळे पीठ विरघळत नाही आणि बाहेरचा सगळा रस शोषून घेतं. इथे पाणी सारणात नाही, बाहेरून येतंय.

ताजी बटण अळंबी वापरलीत तर रस फिका होईल. सुकी शिटाके मिळत असतील तर त्या घ्या. रशियन माणूस नाक मुरडेल, पण तो पुण्यात बघायला येत नाहीये.

---

जुना मॉस्कोकर

धागा बघून राहवलं नाही. मी सत्तरच्या दशकात मॉस्कोत लुमुंबा विद्यापीठात शिकलो. (१९६०ला स्थापन झालेलं 'मैत्री विद्यापीठ'. आशिया-आफ्रिकेतली पोरं तिथे शिकायची.) तेव्हा चौकाचौकात 'पेल्मेन्नाया' असायच्या. उभ्याने खायची उंच टेबलं, खुर्च्या नाहीत, काउंटरमागे पांढरा डगला घातलेल्या मावशी, आणि खिडक्यांवर वाफेचा इतका थर की बाहेरचं दिसायचं नाही. निवड फक्त वरून काय घ्यायचं याची: लोणी, स्मेताना, मोहरी किंवा व्हिनेगर. आत काय आहे हे विचारायची पद्धत नव्हती. विचारून उपयोगही नव्हता. 😄

घरी मात्र वेगळं. माझ्या रशियन मित्राच्या आईकडे अॅल्युमिनियमचा गोल साचा होता, पेल्मेन्नित्सा, त्यात षटकोनी खण. खाली एक पोळी, खणाखणात सारणाची गोळी, वर दुसरी पोळी, त्यावरून लाटणं फिरवलं की ३७ पेल्मेनी एका दमात खाली. ही सोय असली तरी ३१ डिसेंबरला त्या साचा काढायच्या नाहीत, सगळ्यांनी मिळून हातानेच करायच्या. कारण त्यात एक 'नशिबाची' लपवायची असायची. कधी नुसता पिठाचा गोळा, कधी मिरीदाण्यांनी भरलेली, कधी नाणं. ज्याच्या ताटात येईल त्याचं वर्ष चांगलं. साच्यातून काढली की सगळ्या सारख्या दिसतात हे खरं, पण मग करताना गप्पा होत नाहीत.

मिरीवाली एकदा माझ्या वाट्याला आली. वर्ष कसं गेलं आठवत नाही, घसा आठवतो.

---

वैद्य होऊ घातलेला

मी इझेव्हस्कला एमबीबीएस करतोय, म्हणजे पेल्मेनीच्या माहेरात. हे उद्मुर्त लोकांचं गाव. इथे २००४ मध्ये पेल्मेनीचं स्मारक उभारलंय: भला मोठा काटा-चमच्यातला काटा, आणि त्याच्या टोकाला टोचलेली पेल्मेनी. फेब्रुवारीत इथे पेल्मेनीचा उत्सवही असतो, थंडीत रस्त्यावर उभं राहून गरमागरम खायचं.

मांसवाल्यांसाठी उरलचं जुनं प्रमाण सांगतो, इथे प्रत्येक आजी हेच सांगते: ४५ टक्के गाय, ३५ टक्के मेंढी, २० टक्के डुक्कर. ज्याला जे चालत नाही त्याने ते वगळावं, त्यावर इथे युद्ध नको. पण कामाकाठताईंचा पाण्याचा मुद्दा एकदम बरोबर. एक किलो खिम्यात साधारण १०० ते १५० मिली बर्फासारखं गार पाणी थोडंथोडं करून घालतात आणि एकाच दिशेने फेटतात. सैबेरियात तर कुटलेला बर्फच घालायचे. गार का, तर चरबी वितळू नये म्हणून. ते पाणी मांसात धरून राहतं आणि शिजल्यावर आत रस होतो. पाणी न घालता केलेली खाल्ली की आत सुकी गोळी लागते.

उद्मुर्तांचं वेगळं सारण विचाराल तर आंबवलेला कोबी. पाण्याखालून काढून, पिळून, कांद्याबरोबर परतून. आमच्या मेसमधली शाकाहारी जनता यावरच जगते. स्वस्त आणि मस्त.

अवांतर: इथे 'पेरेपेची' म्हणून एक प्रकार आहे, राय (rye) या धान्याच्या पिठाच्या उघड्या वाट्या, त्यात अंडं-दूध-अळंबीचं मिश्रण ओतून भाजतात. ती पेल्मेनी नाही, पण कोणी इकडे आलात तर सोडू नका.

---

तिखटजाळ

किलोला १५० मिली पाणी! आमचा खाटीक न सांगताच घालतो.

---

कझानची सून

😂

मी कझानला, तातार कुटुंबात. इथली दोन सांगते.

पहिला 'किय्याउ पिलमेने', म्हणजे जावयाची पेल्मेनी. सारण साधंच, बहुतेक मेंढी किंवा गाय. वेगळेपण आकारात. लग्नानंतर जावई पहिल्यांदा घरी आला की त्याला रश्श्यातून वाढायच्या, आणि त्या इतक्या बारीक हव्यात की एका चमच्यात बऱ्याच मावल्या पाहिजेत. मुलीकडच्या बायकांचा हात किती बारीक आहे ते दाखवायची जागा ती. बोटाच्या पेराएवढी चकती, त्यात हरभऱ्याच्या डाळीइतकं सारण, आणि टोकं जोडायची. हे काम करताना घरातल्या सगळ्या बायका एका टेबलाभोवती बसतात आणि जावयाबद्दल जे बोलतात ते त्याने ऐकू नये.

दुसरा खरोखर वेगळा: 'किंदेर पिलमेने', भांगेच्या बियांची. घाबरू नका, नशा नसते. बिया भाजायच्या, कुटायच्या, चाळून टरफलं काढायची आणि उकडलेल्या बटाट्यात आणि अंड्यात मिसळायच्या. मिश्रण तेलकट, करडं दिसतं. चव खमंग, थोडी अक्रोडाकडे झुकणारी. पूर्वी व्होल्गाकाठी ही बी तेलासाठी सर्रास पिकायची. आता जुन्या घरांतच होतं. माझ्या नणंदेला येत नाही, आजेसासूबाईंना येतं.

उत्तराखंडात भांगेच्या बियांची चटणी करतात ना, तिथल्या कुणाला हे सांगितलं तर अजिबात नवल वाटणार नाही.

---

चकली

हे भांगेचं प्रकरण फोटोसकट हवं. आजेसासूबाईंना गळ घाला.

---

माखच्कला रिटर्न

मी दागिस्तानात शिकलो, कॅस्पियन समुद्राकाठी. तिथे आपली बरीच पोरं मेडिकलला असतात. रशियात असूनही स्वयंपाक पूर्ण वेगळा, कॉकेशसचा. तिथल्या 'कुर्झे'बद्दल कुणीच कसं बोललं नाही?

कुर्झे पेल्मेनीपेक्षा मोठ्या, लांबट, आणि एका बाजूने वेणी घातल्यासारखी मुरड. करंजीला माझी आजी जशी हाताने मुरड घालायची तशीच, फक्त जाड. सारणं: मांस, पनीरसारखं ताजं चीज, लाल भोपळा, वसंतात कोवळी क्रापिवा. क्रापिवा म्हणजे ती खाज आणणारी पाला-भाजी, कुमाऊंत बिच्छू घास म्हणतात ती. हातमोजे घालून फक्त वरचे शेंडे खुडतात. उकळतं पाणी पडलं की खाज संपली. मग पिळून, चिरून, कांद्यावर परतून, थोडं चीज.

पण सगळ्यात अचाट म्हणजे अंड्याच्या कुर्झे. सारण पूर्ण पातळ! अंडी फेटलेली, थोडं दूध, लोण्यावर परतलेला बारीक कांदा, मीठ. आता हे भरायचं कसं? पोळीची चकती तळहातावर घेऊन एका टोकाकडून मुरड घालत यायचं, वर तोंड उघडं ठेवायचं, म्हणजे हातात एक पिशवी तयार होते. त्यात पळीने मिश्रण ओतायचं, झटकन तोंड बंद करायचं आणि त्याच क्षणी उकळत्या पाण्यात. ताटात ठेवून देऊ म्हटलं तर पीठ भिजून फाटतं. पाण्यात पडताक्षणी बाहेरून पीठ आणि आतून अंडं एकदमच घट्ट होतं. मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचो त्या काकू चुलीला खेटून उभ्या राहून करायच्या, त्यांच्या आणि पातेल्याच्या मध्ये कुणाला फिरकू द्यायच्या नाहीत.

कामाकाठ यांच्या पाण्याच्या सिद्धांताचं इथे काय करायचं? इथे सारण म्हणजे पाणीच.

---

कामाकाठ

माखच्कला रिटर्न, बिनतोड. सिद्धांत मागे घेत नाही, पण त्याला आता वेळेचं कलम जोडते: पाणी काढता येत नसेल तर वेळ काढायचा नाही. 😀

---

वाळवंटी

या अंड्याच्या प्रकाराचा भाऊबंद मी उझबेकिस्तानात खीवाला खाल्लाय, 'तुखुम बराक'. रशियन नाही, तिथल्या ख्वारज्म प्रांताचा. तिथे पिठाची लांब पट्टी दुमडून दोन बाजू चिकटवतात, वरून उघडा चौकोनी खिसा, त्यात अंडं-दूध-तेल ओतून वरची कड दाबतात आणि लगेच पाण्यात. खाताना सपाट, गुळगुळीत, आत मऊ ऑम्लेट. वर घट्ट दही. अंडं खाणाऱ्यांनी जरूर करून बघा, सामान काहीच लागत नाही.

---

दर्यावर्दी

आमची मर्चंट नेव्ही. व्लादिवोस्तोकला बोट लागली की मी पेल्मेनी शोधतो, पण माशाची. मालवणी माणसाला खिमा चालतो, पण जीव माशात.

तिकडे गोर्बुशा आणि केता, दोन्ही सामन जातीचे, यांची पेल्मेनी सर्रास मिळते. शिवाय माकूळ आणि समुद्री शिंपल्यांचीही. काही ठिकाणी पीठ माकळाच्या शाईने काळं केलेलं असतं, ते दिसायला झोकदार, चवीत फरक शून्य. एका घरी खायचा योग आला तेव्हा पाहिलं की गोर्बुशा फार कोरडी म्हणून खिम्यात थंड लोण्याचे बारीक तुकडे घालतात. आतल्या भागात, नद्यांवर, श्चूका नावाचा काटेरी मासा वापरतात, त्यात तर डुकराची चरबी घालावीच लागते म्हणतात. मसाला काही नाही. मीठ, मिरी, शेपू, कांदा. आमच्या हिला सांगितलं तर म्हणाली, 'आणि कोकम?' म्हटलं, त्यासाठीच बाजूला व्हिनेगर ठेवतात.

सैबेरियात रेनडिअरची, हरणाची आणि अस्वलाचीही करतात. अस्वलाच्या मांसात ट्रिचिनेला हा जंत असतो, त्यामुळे ते नीट, भरपूर शिजवलेलं असल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. मला विचारलं होतं, मी माशावरच राहिलो.

---

पोळीभाजी

गोडाचं काही नाही का? यूट्यूबवर चेरी भरलेली रशियन डम्पलिंग पाहिली होती.

---

कझानची सून

ती वारेनिकी. आणि ती युक्रेनची, रशियन नव्हे. रशियात घरोघरी होतात हे खरं, पण युक्रेनी माणसासमोर 'रशियन' म्हणू नका, विशेषतः आत्ता. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर पोलंडमधल्या कितीतरी खानावळींनी बटाटा-चीजच्या 'रुस्की' पिएरोगींची (पोलिश डम्पलिंगची) पाटी बदलून 'युक्रेनी' केली. त्या नावाचा खरं तर रशियाशी संबंधही नव्हता, जुन्या रुथेनिया प्रांताशी होता.

---

जुना मॉस्कोकर

बरोबर. ढोबळ फरक असा की पेल्मेनीत सारण बहुधा कच्चं भरतात आणि ते पाण्यात शिजतं, वारेनिकीत सारण आधी शिजवलेलं किंवा फळ. त्या हिशेबाने कामाकाठ यांची मुळ्याची पेल्मेनी वारेनिकीत जमा होईल. पण हे पेर्ममध्ये बोलायची माझी तयारी नाही.

---

कामाकाठ

बोलूही नका, साबांकडे लाटणं आहे.

पोळीभाजी, गोड सारणांत चेरी सगळ्यात अवघड, कारण पुन्हा तेच, रस. बिया काढून चेरी चाळणीत निथळत ठेवा. साखर आधी अजिबात घालू नका, ती रस ओढून काढते. प्रत्येक चकतीवर दोनतीन चेरी, वर चिमूट साखर आणि नखभर कॉर्नफ्लोअर, लगेच बंद. निथळलेला रस साखर घालून आटवा आणि वरून ओता. पुण्यात ताजी आंबट चेरी मिळणार नाही, गोड चेरी घेतलीत तर मजा नाही. जांभूळ किंवा करवंदं चालावीत असं वाटतं, आंबटपणा महत्त्वाचा.

सैबेरियाचं खास गोड सारण म्हणजे चेर्योमुखा. हे एक रानफळ, छोटं, काळं, तुरट. बियांसकट वाळवून त्याचं पीठ करतात. उकळत्या दुधात भिजवून फुगवायचं, साखर घालायची, की चॉकलेटी रंगाचं दाट सारण तयार. कडू बदामासारखा वास येतो. बहुतेक पिरोगीत (भाजलेल्या रशियन पायमध्ये) भरतात, पण वारेनिकीतही. आमच्याकडे पाकिटात मिळतं. भारतात त्याला पर्याय मला तरी सुचत नाही.

आणि खसखस. इथली निळी-काळी असते. भिजवून, वाटून, मधात. ती तुमच्याकडच्या पांढऱ्या खसखशीने बिनधास्त करा.

---

चकली

त्वोरोग भरतात ना? ते म्हणजे आपला चक्का का? आणि स्मेतानाच्या जागी काय वापरायचं? प्रत्येक पाकृत येतंय ते.

---

कामाकाठ

चक्का नको. चक्का म्हणजे न तापवता टांगलेलं दही. गुळगुळीत असतो आणि उकळत्या पाण्यात पातळ होऊन फुटतो. त्वोरोग करताना आंबट झालेलं दूध किंवा दही मंद आचेवर तापवतात, पाणी वेगळं होऊन दाणे धरले की मग बांधून टांगतात. म्हणजे दही आणि पनीर यांच्या मधलं काहीतरी. दही उकळी न येऊ देता तापवा, वीस मिनिटांत दाणे दिसतील. कापडात बांधून वजन ठेवा. कोरडं, रवाळ हवं. त्यात साखर आणि मनुका, किंवा मीठ आणि शेपू.

स्मेतानाचं उत्तर प्रत्येक मराठी फ्रीजमध्ये आहे: लोण्यासाठी साठवलेली, विरजण लावलेली साय. घुसळायच्या आधीची. फार दिवसांची, कडवट झालेली नको, दोनतीन दिवसांची घ्या, चमच्याने फेटा. इथल्या पाकिटातल्यापेक्षा ती दाट असते, कामाला उत्तम.

---

तिखटजाळ

पुरण भरलं तर? पनीर टिक्का? शेजवान? नाहीतरी सगळं चालतंय इथे.

---

वैद्य होऊ घातलेला

दादा, हॉस्टेलवर हे सगळं करून झालंय. शेजवानची झाली ती मोमो. चांगली झाली, पण ती मोमोच.

पुरण घट्ट आणि कोरडं असतं म्हणून चालतं, इथे वाटाण्याचं सारण असतंच. पण इथला कोणी ते गोड खाणार नाही, कांदा मागेल.

---

माखच्कला रिटर्न

पनीर टिक्क्याबद्दल वैयक्तिक मत: ज्या सारणात मसाला बोलतो त्याला जाड, उकडलेलं, फिकं पीठ मारतं. इकडची सगळी सारणं एकदोन चवींची आहेत, म्हणूनच पिठाबरोबर जमतात. भोपळा आणि कांदा. चीज आणि शेपू. यात चौथी-पाचवी वस्तू आली की सगळा गोंधळ.

---

पोळीभाजी

अपडेट: कुंद्यूमी केल्या! कुट्टू भाजून घेतला, शिटाके मिळाल्या. ओव्हन नाही म्हणून अप्पेपात्रात दोन्ही बाजूंनी कोरड्या भाजल्या आणि मग कढईत अळंबीच्या पाण्यात झाकण ठेवून मुरवल्या. पीठ अजिबात सुटलं नाही. नवऱ्याने आधी 'हे काय करपलेलं' विचारलं आणि मग कढई पुसून खाल्ली.

प्रश्न: जास्तीच्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या तर कुठल्या टप्प्याला?

---

कामाकाठ

अप्पेपात्र! साबांना दाखवते.

भाजून झाल्यावर, रसात घालण्याआधी. पूर्ण गार करून ताटात सुट्या ठेवून गोठवा, कडक झाल्या की पिशवीत. वापरताना वितळू देऊ नका, थेट गरम रसात. साध्या पेल्मेनीलाही हाच नियम: गोठलेल्याच उकळत्या पाण्यात टाकायच्या, पाण्यात मीठ, तमालपत्र, मिरीदाणे. टाकल्याबरोबर एकदा तळापासून हलवायच्या, वर आल्यावर आणखी पाचेक मिनिटं. मुळ्याच्या आणि कोबीच्या वर आल्या की दोन मिनिटांत काढा, आतलं शिजलेलंच असतं.

---

चकली

रविवारी अंड्याच्या कुर्झे करणार आहे. माखच्कला रिटर्न, पोळी किती जाड लाटायची? आणि एका वेळी किती करता येतात?

---

माखच्कला रिटर्न

पुरीपेक्षा किंचित जाड, कडा पातळ. चकती पुरीएवढीच, मोठी घेतलीत तर ओतताना हातात लोंबते.

एकटीने करणार असाल तर एका वेळी एकच. कुणाला मदतीला घेतलंत तर एकाने पिशवी धरायची, दुसऱ्याने ओतायचं. पिशवी धरणारा पातेल्याच्या बाजूला उभा राहील असं बघा, आणि पातेलं रुंद घ्या. अंड्याचं मिश्रण जगमध्ये ठेवा, पळीपेक्षा सोपं जातं. आणि ओतायच्या आधी तोंडाच्या कडा कोरड्या आहेत ना ते बघा. ओल्या कडेला अंडं लागलं की मुरड धरत नाही.